डॉक्टर, तुमची हिंदिया

डॉक्टर,

शुक्रवारी तुम्हाला माती दिली. मीही ओंजळभर टाकली. वारा असा उलटा, की त्यातली निम्मी माझ्याच डोळ्यांत आली. डोळे पुसायला निमित्त मिळालं आणि चारचौघांत माझी लाज राहिली. परतताना मागून कुणीतरी म्हणालं, "घोड्यांचे डॉक्टर गेले." मला तिथल्या तिथे वळून सांगायचं होतं, की बाबा रे, ह्या माणसाने इथल्या दवाखान्यात उभा जन्म तपासल्या त्या शेळ्या, उंट आणि शेखलोकांचे आजारी ससाणे. घोडे त्याच्या वाट्याला आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्या घोड्यांवर त्याचा जीव होता ते तर जगातून केव्हाच नाहीसे झालेले. पण गप्प बसलो. तुम्ही शेजारी असतात तर बसलो नसतो.

आपली ओळख व्हायला कुवेत गाठावं लागलं, हे मला अजून पटत नाही. एकाच खाडीचे आपण, तुम्ही ह्या काठाचे, मी त्या काठाचा. तरीवरचा नावाडीसुद्धा दोघांच्या ओळखीचा. पण भेट झाली ती दस्मानजवळच्या माझ्या वर्कशॉपात, तुमच्या सरकारी जीपने जहरा गावाच्या रस्त्यावर वाफ सोडली तेव्हा. मी बॉनेट उघडलं. तुम्ही जवळ आलात, जीपच्या मडगार्डवर थोपटलंत आणि तिला विचारलंत, "कुणाची गो तू?"

मला हसू आवरेना. आपल्याकडे अंगणात परकं पोर दिसलं की म्हातारी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत, कुणाचा रे तू, कुणाची गो तू, एवढंच विचारतात. आईबाप कळले की पोर कळलं. तुम्ही ही रीत जनावरांना लावली होती. शेळी असो, सांडणी असो, हात लावण्याआधी डाव्या बाजूने जायचं, मानेवर तळवा ठेवायचा आणि विचारायचं. मी म्हणालो, "डॉक्टर, हिचे आईबाप म्हणजे कारखाना. नवं मॉडेल निघालं की ही भंगारात." तुम्ही म्हणालात, "सावंता, तू माणूस बरा दिसतोस, पण बोलतोस ते चूक." वाद सुरू झाला तो त्या दिवशी.

त्यानंतर जीप बिघडो न बिघडो, सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर जहऱ्याला जाणं मला लागूच झालं. गाडी मी चालवायचो, तोंड तुम्ही. शहराची मातीची भिंत मागे पडली, दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट लागलं, की तुम्ही नावं घ्यायला लागायचात. लोक पूर्वजांची घेतात तशी. स्कॉटलंडच्या डोंगरातला काटक गॅलोवे. आयर्लंडचा हॉबी, अंगाने लहान, पण चाल अशी रहवाल की स्वाराच्या हातातलं ताक हिंदकळू नये. स्पेनचा जेनेट, त्याचीही चाल तशीच. नेपल्सचा बाकदार नाकाचा घोडा, राजेलोक स्वतःचं चित्र काढून घ्यायला त्याच्यावर बसत. नॉरफोकचा ट्रॉटर, जाडजूड शेतकऱ्याला पाठीवर घेऊन कोसच्या कोस दुडक्या चालीने जाणारा. आणि रशियाच्या माळावरचा टार्पान, उंदराच्या रंगाचा रानघोडा, ज्याच्यातला शेवटचा माणसाच्या कोंडवाड्यात मेला. टार्पानवर तुमची यादी संपायची.

हे वेड तुम्हाला कुठून लागलं, ते कळायला मला बराच काळ लागला. तुमचा आजा बगल्यावर, त्या मोठ्या शिडाच्या जहाजावर, खलाशी. ह्याच किनाऱ्यावरून अरबी घोडे भरून मुंबईला न्यायचे, आणि वाटेत तो घोड्यांच्या पायांशी निजायचा. नातू मुंबईच्या कॉलेजात जनावरांचा डॉक्टर व्हायला गेला. बाकीची पोरं रोग पाठ करत होती, तुम्ही मेलेल्या जाती पाठ करत बसलात. नापास कसे झाला नाहीत, अल्ला जाणे.

मी चिडवायचो. "डॉक्टर, संपलं ते संपलं. त्या घोड्यांचं काम दुसऱ्या घोड्यांनी घेतलं, त्यांचं मोटारीने. रडायचं कशाला?" तुम्ही म्हणायचात, "रडतोय कोण? नॉरफोकचा ट्रॉटर आज कुठे दिसत नाही, पण आजचा हॅकनी घोडा पाय उचलतो तो त्याचाच पाय. मीठ वरणात विरलं म्हणून वरण अळणी होतं काय?" मी म्हणायचो, "वरणातलं मीठ परत काढून दाखवा." तुम्ही म्हणायचात, "तू चव घे, मेल्या." एवढ्यात जहरा यायचं.

त्या जहऱ्यातच तुम्हाला हिंदिया भेटली. अबू सालेमच्या बागेत आपण एका शेळीसाठी गेलो होतो. चौफेर खजुरी, मधे लसूणघासाचे हिरवे वाफे, आणि विहिरीवर मोटेचं चाक करकरत होतं. तुम्ही शेळीच्या तोंडात बोट घालून बोलत होतात ते मधेच थांबलात. मोटेला घोडी होती. इतर बागांतून गाढवं जुंपतात, इथे घोडी, आणि तीही अशी उंच की गाढव तिच्या पोटाखालून जाईल. रंग कुमैत, तांबूस तपकिरी, पाय गुडघ्यांपर्यंत काळे, बरगड्या दिसत होत्या आणि दोराने खांद्यावरचे केस गेले होते. तुम्ही डाव्या बाजूने गेलात. "कुणाची गो तू?" तिने कान पुढे केले. मी पाहिलं, तुमचे डोळे भरले होते.

अबू सालेमने सांगितलं ते एवढंच, की ती मुंबईहून जहाजाने आली. कुणा बड्या साहेबाच्या बग्गीला होती, जोडीतली दुसरी मेली, साहेबाने मोटार घेतली. एका व्यापाऱ्याने ती इथे कुणाला भेट दिली, आणि ह्या घरातून त्या घरात करत ती मोटेवर आली. हिंदुस्थानातून आली म्हणून सगळे तिला हिंदिया म्हणत. तुम्ही परत येताना जीपमध्ये हसत सुटलात. "जन्मली इंग्लंडात, मुंबईत राबली, आणि कुवेतात येऊन झाली हिंदी. सावंता, आपल्यातलीच रे ही!"

मग मला तुम्ही इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या बग्गीच्या घोड्याची गोष्ट सांगितलीत. लंडनच्या रस्त्यांवर एके काळी मोठमोठ्या घराण्यांच्या बग्ग्यांना हीच जात लागे, उंच, कुमैत, काळ्या पायांची, जोडीत एकसारखी. मोटारी आल्या आणि त्या जातीच्या वंशावळीची वहीच तिथल्या लोकांनी बंद केली, कारण नोंदवायला घोडे उरले नाहीत. मी म्हणालो, "कागद नाही, पत्र नाही. ही तीच हे कशावरून?" तुम्ही विचारलंत, "तू बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगतोस ना, कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते?" "सांगतो." "मग? तुला कान, मला डोळा." "पण खात्री?" "खात्री नाही रे," तुम्ही म्हणालात, "खात्री असती तर एवढा जीव कशाला तुटला असता?"

तिला तुम्ही मोटेवरून सोडवलीत, राहिली ती अबू सालेमच्याच बागेत. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. तुम्हाला तिचं पिल्लू हवं होतं. वही बंद झाली तरी पोट बंद झालेलं नाही, असं तुम्ही म्हणायचात. आणि नर होता तो अबू सालेमचाच, पांढरा, ज्याच्या आया-आज्यांची नावं म्हातारा डोळे मिटून म्हणायचा. इथे घोड्यांचं गोत्र आईकडून चालतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. आधी मूळ घोडीचं नाव, आणि त्याला जोडून ज्याच्या दारी ती वेल सुरू झाली त्या माणसाचं. अबू सालेमच्या घोड्याच्या वेलीत असं एक नाव होतं. "तो माणूस मरून कैक पिढ्या झाल्या," तुम्ही म्हणालात, "घोडीच्या मागोमाग अजून चालतोय." अशा घोड्याला निनावी आईची घोडी दाखवायची म्हणजे अबू सालेमच्या लेखी घराण्याला बट्टा. तुम्ही उन्हाळाभर विचारलंत, हिवाळाभर विचारलंत. तो कॉफी ओतायचा आणि नाही म्हणायचा.

हिंदियाचं वय झालं होतं. आणखी एक हंगाम गेला की संपलंच, हे तुम्हाला माहीत होतं आणि त्यालाही. शेवटी एका दुपारी त्याने आपल्याला बोलावलं. भाऊबंदांतले चार म्हातारे बसले होते. मला वर्कशॉपपुरतं अरबी येतं, तेवढ्यातही मुद्दा कळला. अबू सालेम म्हणाला, "तू ह्या गावातली किती जनावरं वाचवलीस. तू शपथेवर सांगशील ते मी मानीन. हिची आई कोण?"

मी तुमच्या बरगडीत कोपर खुपसलं. "सांगा काहीतरी," मी पुटपुटलो, "यॉर्कशायरला जाऊन कोण बघणार आहे?" चालू इंजिनात पाना टाकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "अल्लाची शपथ, हिच्या आईचं नाव मला माहीत नाही."

बुडाली घोडी, असं मी मनात म्हटलं आणि तुमचा मला असा राग आला, की परत पायी या म्हणावं. सबंध वर्ष ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही ह्या माणसाच्या दाराशी खेटे घातले होते, ती एका वाक्यात तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली होती.

पण तुमचं बोलणं संपलं नव्हतं. "का माहीत नाही तेही सांगतो," तुम्ही म्हणालात. "तुमच्या वाळवंटातले नर त्या इंग्रजांच्या बेटावर गेले. त्यांची नावं तिथे अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण त्यांची पोरं ज्यांच्या पोटी झाली, त्या डोंगरातल्या गॅलोवे, त्या आयर्लंडच्या हॉबी, फेरीवाल्यांची ओझी वाहणाऱ्या यॉर्कशायरच्या कुमैत घोड्या, त्यांची नावं राखावीत असं फारसं कुणाला वाटलं नाही. बाप राहिले, आया विरून गेल्या. म्हणून मला शपथ घेता येत नाही. आईचं नाव राखणारी माणसं ह्या जगात कुठे असतील तर ती तुम्ही. म्हणून मी तुमच्या दारात येऊन बसलोय."

हे सगळं मला परतीच्या वाटेवर तुम्ही पुन्हा सांगितलंत. तेव्हा मी फक्त म्हाताऱ्यांचे चेहरे बघत होतो. अबू सालेम विस्तवावरच्या दल्ल्याकडे, त्या लांब चोचीच्या कॉफीच्या भांड्याकडे, बघत राहिला. मग म्हणाला, "अस्सल म्हणणार नाही. तू खोटं बोलला नाहीस, मीही बोलणार नाही. पण ह्या दारात हिला कुणी बिनआईची म्हणायचं नाही. हिच्यापासून मोजू."

हिच्यापासून मोजू. डॉक्टर, मी बंद पडलेली कैक इंजिनं चालू केली आहेत आणि त्याबद्दल पुष्कळ वाहवा घेतली आहे. पण खरं बोलून कुणी बाजी मारताना मी पाहिलं ते त्या दुपारी. परतताना गाडी मी चालवत होतो आणि छाती अशी फुगली होती, की शपथ जणू मीच घेतली. ह्या माणसाला मी रोज चहा पाजतो, असं रस्त्याने ओरडून सांगावंसं वाटत होतं. रस्त्याला एक उंटवाला सोडला तर कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी पिल्लू झालं. मादी. ओलं अंग, काळे लटपटते पाय. तुम्ही तिथेच मातीत बसून तिला विचारलंत, "कुणाची गो तू?" आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, "हिंदियाची!" भाभींनी गोड सांदणं केली आणि तुम्ही ती माझ्या वर्कशॉपात सगळ्यांना वाटलीत. नात झाल्यासारखी तुमची मिजास होती. हिंदिया त्यानंतर दोन उन्हाळे जगली, खजुरीच्या सावलीत, मोटेकडे पाठ करून.

माझी आई गेल्याची तार आली तेव्हाची गोष्ट आपण नंतर कधी काढली नाही. बोट आदल्याच दिवशी गेलेली, पुढची कधी ते ठाऊक नाही. तुम्ही आलात, मला जीपमध्ये बसवलंत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा गाडी तुम्ही चालवलीत. काय भयंकर चालवलीत! सांत्वनाचे दोन शब्द नाहीत, डोक्यावर हात नाही. गॅलोवे, हॉबी, जेनेट, नेपल्सचा, नॉरफोकचा, टार्पान. जहऱ्यापर्यंत आणि परत. वर्कशॉपाशी उतरवताना म्हणालात, "आईचं नाव काय?" मी सांगितलं. तुम्ही ते एकदा उच्चारलंत आणि गेलात. तुमचे आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

तुमची नसरीन मोठी झाली. तुम्ही मराठीत बोलायचात, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. भाभींचा जीव खालीवर व्हायचा, तुमचा कधी झाला नाही. ह्याच्यावरूनच आपला शेवटचा वाद झाला, गेल्या मंगळवारी, वर्कशॉपातल्या त्या मोडक्या खुर्चीत तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. मी म्हणालो, "डॉक्टर, घोड्यांचं सोडा. तुमच्या घरातलीच वही बंद होत आलीय. पोरगी 'येस अब्बा, नो अब्बा' करते. तुमच्यामागे ती नावं कोण घेणार? तो 'कुणाची गो तू' कोण विचारणार?" टोचून बोललो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण मऊ बोललो असतो तर तुम्ही मला ताप आलाय का म्हणून विचारलं असतंत. तुम्ही बशी खाली ठेवलीत, उत्तर द्यायला तोंड उघडलंत, तेवढ्यात बाहेर दवाखान्याच्या गाडीने हॉर्न दिला. "उद्या सांगतो," म्हणालात आणि उठलात.

उद्या तुम्ही आला नाहीत. गुरुवारी रात्री निरोप आला.

काल नसरीन वर्कशॉपात आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "अंकल, समवन हॅज टु टेल अबू सालेम. विल यू टेक मी?" म्हातारा आता बागेबाहेर पडत नाही, त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी निघालो. ती तुमच्या जागेवर बसली. भिंत आता राहिली नाही, नुसता दरवाजा तेवढा उभा आहे. तो मागे पडला, वाळवंट लागलं, आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. गॅलोवे. हॉबी. जेनेट. टार्पानपर्यंत एकही चुकलं नाही. तुमच्यामागे ही नावं कोण घेणार म्हणून मीच विचारलं होतं, आणि घेणारा मीच निघालो. नसरीन खिडकीबाहेर बघत ऐकत होती. "यू फरगॉट द डेस्ट्रिअर, अंकल," ती म्हणाली. लढाईचा तो मोठा घोडा. मी म्हणालो, "ती जात नव्हती गो, ते कामाचं नाव होतं. ट्रक म्हणतो ना आपण, तसं." ती म्हणाली, "आय नो. अब्बा स्टिल काउंटेड हिम."

अबू सालेमला तिने अरबीत सांगितलं. तो खाली बसला, अल्लाचं नाव घेतलं, आणि बराच वेळ नसरीनचा हात हातात धरून राहिला. मग काठी टेकत आम्हाला मागे घेऊन गेला. तिथे हिंदियाची नात उभी होती. आजीची उंची, तोच कुमैत रंग, पाय गुडघ्यांपर्यंत काळे, आणि मान मात्र इथल्या अरबी घोड्याची.

मी काही बोलायच्या आत नसरीन पुढे झाली. डाव्या बाजूने गेली. मानेवर तळवा ठेवला. सबंध दिवसात जिने मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता, ती पोरगी तुमच्या आवाजात, तुमच्या हेलात म्हणाली, "कुणाची गो तू?"

घोडीने कान पुढे केले. अबू सालेमला मराठी येत नाही, पण इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून तो प्रश्न त्याने किती वेळा ऐकला असेल, आणि अर्थ तुम्हीच त्याला सांगितलेला. त्याने उत्तर दिलं. "हिंदियत अद-दख्तर."

डॉक्टरला इथले लोक दख्तर म्हणतात, ते मला कळतं. तरी मी नसरीनकडे बघितलं. ती रडत होती. म्हाताऱ्याने माझ्यासाठी सावकाश, सोपं करून सांगितलं, की ही, हिची आई, आणि पुढे ज्या होतील त्या सगळ्या, ह्या बागेत पहिल्यापासून ह्याच नावाने मोजल्या जातात. दख्तरची हिंदिया. "त्याच्यासमोर कधी म्हटलं नाही," तो म्हणाला, "भांडला असता."

भांडला असतातच. तुमची ओळख मला सांगायला नको.

डॉक्टर, "उद्या सांगतो" म्हणून उठला होतात. उत्तर मिळालं.